झुब्याचा जोड

मंगळसूत्र तोडलं तेव्हा मावशी गप्प होती. बांगड्या फोडल्या तेव्हाही तिनं हूं की चूं केलं नाही. पण कोंडाबाईचा हात तिच्या गळ्यातल्या काळ्या गोफाकडं गेला, तसं मावशीनं तिचं मनगट असं काही पिरगाळलं की म्हातारी कऱ्हेच्या घाटावर "अगं आई गं" करत खालीच बसली.

"हे न्हाई," मावशी म्हणाली. "ह्याला हात लावायचा न्हाई."

"अगं पारू, धनी गेला," कोंडाबाई मनगट चोळत म्हणाली. "आता सवत कुनाची आन् कसली? समदं उतरावं लागतंय."

"समदं उतरलंय की. हे न्हाई."

नवरा गेलेल्या बाईच्या अंगावरचं उतरवायचं काम आमच्या गावात कोंडाबाईकडं. चाळीस वर्षं ती ते करत होती आणि तिच्यावर उलटा हात टाकणारी पहिली बाई निघाली ती माझी मावशी. दहाव्याला जमलेल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. पलीकडं पुरुषमाणसं पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उन्हात ताटकळत होती. नामाकाका तिथूनच ओरडले, "काय चाललंय ग तिकडं?" मी मनात म्हणाले, बघा, ह्या बाईला आजही ते सोडवत नाही.

कारण त्या गोफात ओवलेला होता माझ्या आईचा टाक.

ही रीत ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते. पहिली बायको मेलेल्या माणसानं दुसरं लग्न केलं, की नव्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची मूर्ती. त्याला म्हणायचं सवतीचा टाक. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, सणाला आधी तिला हळदकुंकू, मग स्वतःला. मेलेलीनं रागावू नये म्हणून ही सगळी तजवीज. जिवंत आहे तिच्या रागाचं काय, ते कुणी विचारलेलं नाही.

माझी आई सारजा. मी अडीच वर्षांची असताना ती बाळंतपणात गेली, बाळही गेलं. चार महिन्यांत आजोळच्यांनी तिची धाकटी बहीण पार्वती ह्याच घरात दिली. वय सतरा. ती माझी मावशीच होती, म्हणून मी तिला मावशीच म्हणत राहिले. पुढं तिला अंकुश झाला, तो तिला आई म्हणायला लागला, तरी मी मावशीवरच. गावातल्या बायका टोचून बघायच्या, "आई म्हनायला तोंड झिजतंय व्हय गं मालन?" झिजत नव्हतं. आई माझी वेगळी होती आणि ती मावशीच्या गळ्यात होती.

आईचा फोटो नव्हता. त्या काळी अंजिराच्या मळ्यात राबणाऱ्या माळणीचा फोटो कोण काढतोय? "टाकावरची ती तुझी आई," असं मला सांगितलेलं, आणि मी ते तोंड धड्यासारखं पाठ केलेलं. मोठे डोळे, सरळ नाक, डोक्यावरून पदर, हनुवटीवर एक बारीक ठिपका. मावशी भाकरी थापायला वाकली की टाक पुढं झुलायचा. मी परातीसमोर बसून बघायची.

दादा, म्हणजे माझे वडील, गेले ते एकोणनव्वद साल. मी छत्तीसची, जेजुरीला प्राथमिक शाळेत मास्तरीण, दोन पोरांची आई. सुतकात माहेरी आले ती मनाशी एकच गोष्ट ठरवून. आता दादाच नाहीत, सवत संपली. टाक मी घेऊन जाणार.

आणि माझ्या हातात एक हुकमाचं पान होतं. अंकुशनं हक्कसोडपत्र तयार करून ठेवलं होतं. बहिणीनं भावाला जमीन सोडून द्यायची, सही करायची आणि चोळीबांगडी घेऊन सासरी जायचं, ही दुसरी रीत. मला त्या जमिनीचा लोभ नव्हता. पण सही माझी होती आणि ती मला पाहिजे तेव्हा करायची होती.

चौदाव्या दिवशी दुपारी मनोहरशेठ पोतदार सासवडहून काटा घेऊन आले. तीन पिढ्या आमच्या घरचं सोनं त्यांच्याच पेढीवर घडलं. शेठ सत्तरीला टेकलेले, धोतर, काळी टोपी, चष्म्याच्या काचा सुपारीएवढ्या जाड. पडवीत घोंगडी अंथरली. अंकुशनं कोनाड्यातला डबा आणून उपडा केला. आमच्या थोरल्या पणजीपासूनचं सगळं सोनं त्यात होतं. पुतळ्यांची माळ, वज्रटीक, दोन पाटल्या आणि कानातला एकटा एक झुबा.

अंकुशचा बेत साधा होता. जुनं सगळं आटवायचं, त्याच्या दोन पोरींच्या लग्नासाठी नव्या घडणीचं करून ठेवायचं. त्याची बायको रंजना म्हणाली, "हे आताशा कोन घालतंय, ताई? पाटल्यांचं तर वजनच हातात मावत न्हाई." तिचंही चूक नव्हतं. आटवू नका म्हणायला त्या सोन्यात माझं काही अडकलेलंही नव्हतं.

शेठनी काटा लावला. बाकीचं झालं आणि झुबा ताटलीत पडला तशी सगळ्यांचीच नजर मावशीच्या कानाकडं गेली.

झुब्याची कथा आमच्या घरात पोराबाळांना पाठ होती. पणजीचे झुबे, भरीव, कर्णफुलासकट. आजीनं, म्हणजे दादांच्या आईनं, ते मावशीच्या कानात घातले आणि आठव्या दिवशी मावशी पाणी शेंदायला गेली, पोहऱ्याचा दोर कानात अडकला, पाळी फाटली आणि डाव्या कानातला झुबा विहिरीत गेला. तेव्हापासून तिच्या डाव्या कानाची पाळी दोन फाकांची झालेली, शेळीच्या कानाला खूण करतात तशी. आणि नामाकाका, म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, तेव्हा वीस वर्षांचे, पट्टीचे पोहणारे. त्यांनी तीन दिवस विहिरीत बुड्या मारल्या. झुबा मिळाला नाही पण गोष्ट मिळाली. गावच्या प्रत्येक लग्नात पंगत बसली की काका ती गोष्ट काढायचे, आणि दर लग्नात विहीर दोन हात खोल व्हायची.

आजही त्यांनी सुरुवात केलीच. "सात परस पानी व्हतं शेठ. थंडीचे दिवस. खाली अंधार गुडूप..."

"बघा की," रंजना हळूच म्हणाली, "यवढं शोधून घावलं न्हाई म्हंजे नवलच. पुढं चांगला दोनदा गाळ काढला विहिरीचा. तवाबी घावला न्हाई."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे काई न्हाई. वस्तू घरात नसली की कुठंतरी असतीच ना. लेकीच्या डब्यात असली तरी काय बिघडलं, घरातच हाये म्हनायचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शाळेत पंचवीस पोरांना एका नजरेत बसवणारी मी, पण इथं नजरेच्या आधी जीभ सुटली. म्हणाले, "रंजना, माझा डबा उद्या जेजुरीला येऊन उघड. झुबा निघाला तर कान तुला कापून देते. आणि नाही निघाला तर तुझा घेते."

"ताई, जाऊ दे ना," अंकुश मधे पडला. "तिला तसं म्हनायचं नव्हतं. शेठ, तुमी करा पुढचं. आये, तो टाक काढ. त्याचंबी वजन करू."

मावशी खांबाला टेकून बसली होती. कपाळ पांढरं, हात मोकळे. तिनं टाक मुठीत धरला.

"न्हाई."

नामाकाका खाकरले. "वहिनी, घाटावर तमाशा केला तो केला. त्या दिवशी दोन वाजले तरी दादाच्या पिंडाला कावळा शिवला न्हाई. का? दादाचा जीव कशात अडकला व्हता, ते समद्या गावानं वळखलं. नवरा ऱ्हाईला न्हाई तर सवत कसली? हा टाक एकतर नदीत सोडायचा, न्हाईतर आटवायचा. गळ्यात ठिवायची रीत न्हाई."

"नदीतही नाही आणि मुशीतही नाही," मी म्हणाले. मी तो क्षण चौदा दिवस वाट बघून गाठला होता. "टाक माझा. माझ्या आईचा आहे, तो मला द्या. अंकुश, पेन काढ. टाक माझ्या हातात पडला की मी हक्कसोडपत्रावर सही करते. सगळ्या पानांवर. जमीन, विहीर, हे घर, मला काही नको. टाक नाही तर सही नाही."

अंकुश चकित होऊन बघत राहिला. त्याला वाटलं असावं, एवढ्यावर भागलं! तो आईकडं वळला. "आये, दे की गं. ताईची आईच हाये ती."

मावशी माझ्याकडं बघत होती. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, ते मला आज कळतं. तेव्हा कळलं नाही.

"तुलाबी न्हाई द्यायची, मालन," ती म्हणाली.

"का?" माझा आवाज चढला. "तुझी कोण लागते ती? सवत! तेहतीस वर्षं माझी आई तू गळ्यात बांधून फिरलीस. माझ्याजवळ तिचं एक चिरगूट नाही, मावशी. तिचं तोंड बघायचं तर मला तुझ्या छातीकडं बघावं लागायचं. आता तरी सोड तिला!"

तेवढ्यात शेठनी काट्यातला झुबा दोन बोटांत उचलला, चष्म्याजवळ नेला आणि म्हणाले, "टाक काढायची गरज नाही. त्याचं वजन मला पाठ आहे."

"शेठ," मावशी एकदम म्हणाली, "तोंड आवरा."

"एकतीस वर्षं आवरलंय वहिनी. आत्ता ह्या पोरीवर चोरीचा आळ यायला लागला, म्हणून बोलतो. मला पाप नको." शेठनी झुबा परत ताटलीत ठेवला. "हा साडेतीन मासे. ह्याच्या जोडीचाही साडेतीन मासे. माझ्या आजोबांनी घडवलेले झुबे, मला माहीत नाहीत? त्यातून घडणीत गुंजभर घट गेली. उरलं त्याचा तो टाक. ह्या हातांनी केलाय."

कुणाला काही उलगडेना. सगळ्यात आधी उलगडलं ते नामाकाकांना.

"म्हंजे झुबा विहिरीत न्हवता?"

शेठनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला.

"वहिनी! म्या तीन दिस बुड्या मारत व्हतो! मला न्युमोनिया झाल्ता!"

"मी म्हनले व्हते तुमास्नी उतरा म्हनून?" मावशी म्हणाली. "मी तर कठड्यावर हुबी ऱ्हाऊन सांगत व्हते, भावजी, जाऊ द्या, मिळायचा न्हाई."

अंकुशला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात दडवलं. मला हसू येत नव्हतं. माझ्या डोक्यात शेठचं बोलणं फिरत होतं.

"तुझ्याच झुब्याचा टाक केलास?" मी विचारलं. "कशासाठी? टाक तर लग्नातच बांधतात."

"बांधला व्हता," मावशी म्हणाली. "चांदीचा. कागदावानी पातळ."

"मग?"

शेठच म्हणाले, "वहिनी, सांगा. पोर छत्तीस वर्षांची झाली."

मावशीनं मूठ सोडली नाही. जमिनीकडं बघत बोलली.

"मी ह्या घरात येऊन आठ दिस झालं व्हतं. तुला कडंवर घेऊन मोटंपाशी गेले. तू माझ्या गळ्यातला टाक वढाय लागलीस. 'माझी आई दे, माझी आई दे.' म्या म्हनलं, आगं, असा तोडायचा नसतो. तर तू झुबा धरलास आन् दिला हिसका. पाळी फाटून झुबा तुझ्या मुठीत." ती थांबली. "तवाबी तेच मागत व्हतीस. आजबी तेच मागतीयास."

मी माझ्या हाताकडं बघितलं. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"तुझी आजी तुला आईखाऊ म्हनायची, मालन. उठता बसता. घरातलं जुनं सोनं तोडलं, नव्या सुनंचा कान फाडला म्हनल्यावर तिनं चुलीतलं लाकूडच काढलं असतं. म्हनून म्या दोराचं नाव घितलं. दोराचं नाव घितल्यावर झुबा विहिरीत जायालाच पायजे. मग काय, ठिवला कनगीत लपवून."

"आणि टाक?"

"तू पाच वर्साची झालीस. रोज माझ्यासमोर बसून टाकाकडं बघायचीस. चांदी ती, घामानं काळी पडाय लागली. एक दिस तू म्हनलीस, 'मावशी, आई काळी झाली.' आन् जेवलीच न्हाईस. दुसऱ्या दिशीबी न्हाई. म्या राखंनं घासली, चिंचंनं घासली. उजळायची, चार दिसांनी पुन्हा काळी. मग बाजारच्या दिशी कनगीतला झुबा काढला, सासवडला गेले. शेठचे वडील गल्ल्यावर, हे भट्टीवर. म्हनलं, ह्याची माझी अक्का करून द्या. सोनं काळं पडत न्हाई."

"आजीनं विचारलं नाही, सोन्याचा टाक आला कुठनं?"

"म्हायेरनं दिला म्हनले. आईला आधीच सांगून ठिवलं व्हतं."

शेठ हसले. "आणि हट्ट काय, ऐका. टाकाचा ठसा आमच्याकडं एकच. पोरी, तुला वाटत असेल ही तुझ्या आईची छबी आहे. तशी ती नाही. आमच्या पेढीवरच्या साऱ्या सवती एकाच तोंडाच्या. वाल्ह्याच्या, परिंच्याच्या, दिव्याच्या, सगळ्यांच्या गळ्यात हेच नाक आणि हेच डोळे."

एवढी वर्षं मी जे तोंड पाठ केलं, ते कुणाचंच नव्हतं.

"टाक करून हिच्या हातात दिला," शेठ सांगत होते, "तर ही म्हणते, 'ही माझी अक्का न्हवं.' वडील म्हणाले, बाई, ठशातून अशीच निघते. तर दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून बसली. एकोणीस-वीस वर्षांची पोर! 'अक्काच्या हनवटीवर गोंदलेलं व्हतं. ठिपका घाला, न्हाईतर मी उठत न्हाई.' शेवटी मी खिळा घेऊन ठिपका घातला. तेवढा एक ठिपका तुझ्या आईचा. बाकी ठशाचं."

मावशीनं मूठ उघडली. टाक बाहेर आला. गेली एकतीस वर्षं बघत आलेला तो ठिपका. मला तो घडताना उडालेला टवका वाटायचा. मी रडले, ते लपवलं नाही. रंजनानं उठून पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि खाली मान घालून म्हणाली, "ताई, चुकलं माझं." मी पाणी प्यायले.

नामाकाका मात्र माणूस भलता चिवट. विहिरीचं दुःख गिळून ते पुन्हा मूळ पदावर आले. "ते समदं खरं. पर रीत ती रीत. दादा गेला. विधवंच्या गळ्यात सोनं कशाला? आन् पणजीच्या झुब्याचं म्हंजे तर घराण्याचं सोनं झालं ते. आटवून पोरींचं करा."

मावशी खांबाचा आधार सोडून उठली. ठेंगणी बाई, पण उभी राहिली तशी काकांनी पाय आखडते घेतले.

"भावजी, मंगळसूत्र त्यांचं व्हतं, ते त्यांच्यासंगं गेलं. कुकू त्यांचं, तेबी पुसलं. म्या एका शब्दानं आडवलं का? ही माझी सवत न्हाई. कुनी केली सवत? तुमीच केली, हाळद लावून. ती माझी भन हाये. तिचा नवरा मेला म्हनून ती माझी भन ऱ्हाईना व्हय? म्या जित्ती असतोवर ही उतरायची न्हाई. मेल्यावर मालनची. आन् तवर जो हात लावील त्याला कोंडाबाईला इचारून घ्या म्हनावं, मनगट कसं हाये."

अंकुश आईकडं बघत होता, मग माझ्याकडं. त्याच्या हातात पेन तसंच होतं. "ताई, आता?"

"आता काय?"

"सही करतीयास न्हवं? टाक तर तुलाच द्यायचा म्हनती. मागनं."

मी डोळे पुसले. हक्कसोडपत्र घोंगडीवर पडलं होतं. आठ पानं, प्रत्येक पानावर माझं नाव, त्यापुढं रेघ. सकाळपर्यंत मला ती रेघ फार सोपी वाटत होती. पण काकांचे आखडलेले पाय पुन्हा पसरायला वेळ लागणार नव्हता. मी सही करून जेजुरीची एसटी धरली की ह्या घरात मावशीच्या बाजूनं कोण? अंकुश आईवर जीव टाकायचा, पण काकांपुढं त्याची मांजर व्हायची.

मी कागद उचलला आणि आठही पानं एकदम आडवी फाडली.

"अगं!" काका ओरडले.

"सही नाही," मी म्हणाले. "अंकुश, घाबरू नकोस, तुझ्या मळ्यातलं एक अंजीर मी मागणार नाही. पण सातबाऱ्यावर माझं नाव लागेल. तुझं, मावशीचं आणि माझं. मावशी आहे तोवर राहील. ह्या घरातलं काही आटवायचं, विकायचं, नदीत सोडायचं ठरलं, तर आधी मला जेजुरीला निरोप धाडायचा. मी आले नाही तर ठरलं नाही."

"लेकी असं कराय लागल्या तर झालंच," नामाकाका पायताण शोधत म्हणाले. "मास्तरकी शिकवली त्याची ही फळं."

"काका," मी म्हणाले, "तुम्ही विहिरीची गोष्ट खुशाल सांगत जा. फक्त शेवट आता मला विचारून सांगायचा."

ते गेले. वर्षभर आमच्याकडं जेवले नाहीत. त्यांनाच परवडलं नाही, पुढच्या अंजिराच्या हंगामाला आले परत.

शेठनी सोनं पुन्हा डब्यात भरलं. आटवायचं त्या दिवशी कुणी नावच काढलं नाही. निघताना अंकुश माझ्यामागं फाट्यापर्यंत आला. थोडा फुरंगटलेला होता, फाडलेले कागद त्याला पुन्हा करता येणार नव्हते. एसटी दिसली तसा त्यानं खिशातून पुडी काढून माझ्या हातात कोंबली. एकटा झुबा.

"ह्याचा जोड तुझ्यापायी गेला," तो म्हणाला. "मग हाबी तूच ने. आईनं सांगितलंय."

त्यानंतर मावशी वीस वर्षं जगली. पांढऱ्या कपाळानं आणि गळ्यात टाक घालून. लग्नाकार्यात बायका कुजबुजायच्या आणि ती मुद्दाम पदर बाजूला सारून बसायची. दर दिवाळीला मी जायची. मी तिला आईबद्दल विचारायची आणि ती सांगायची. आई चालताना डावा पाय जरा ओढायची. आई तिखट खाऊन रडायची आणि पुन्हा तिखटच खायची. मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण तेहतीस वर्षं मी टाकाकडं बघत बसले आणि टाक बांधलेल्या बाईला काही विचारलंच नाही.

ती गेली तेव्हा सरणावर ठेवायच्या आधी तिच्या गळ्यातला गोफ मी माझ्या हातांनी सोडला आणि सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात बांधला. नामाकाका तेव्हा सत्तरी ओलांडलेले, काठी टेकत आलेले. "सवतीचा टाक लेकीच्या गळ्यात? कुठं बघितलंय का असलं?"

"आज बघा," मी म्हणाले.

तेराव्यानंतर मी सासवडला गेले. मनोहरशेठ नव्हते, पेढीवर त्यांचा मुलगा श्रीकांत. मी पुडीतला झुबा त्याच्यापुढं ठेवला.

"ह्याचा टाक करून द्या. ठसा आहे ना जुना?"

"आहे की. पण आता टाक करतंय कोण? कुणाचा करायचाय, बाई?"

"आईचा."

त्यानं माझ्या गळ्याकडं बघितलं. "मग हा कुणाचा?"

"हाही आईचाच."

त्यानं झुबा काट्यात टाकला. आठ दिवसांनी गेले तर टाक तयार होता. तेच डोळे, तेच नाक, तोच पदर. त्यानं माझ्या गळ्यातल्या टाकाशेजारी तो धरला. "ह्यालाही तसाच ठिपका द्यायचा ना, हनुवटीवर?"

"नाही. हिला गोंदलेलं नव्हतं. हिचा डावा कान फाडा. खालच्या पाळीला खाच द्या."

"अहो बाई, इतका सुरेख उठलाय. चांगला टाक कशाला बिघडवता? माझा हात नाही व्हायचा."

"मग ती छिन्नी इकडं द्या," मी म्हणाले. "पहिल्यांदाही तो मीच फाडला होता."